राजाच्या सोयऱ्यांचं सुतक

कोपनहेगनच्या नाटकवाल्यांना स्वतःची चुलत-मावस भावंडं एका दमात आठवायची नाहीत; पण राजाचे सोयरेधायरे विचारा, झोपेतून उठून सांगतील. सांगावंच लागे. म्हाताऱ्या राजानं लेकी-सुना अशा काही ठिकाणी दिल्या-घेतल्या होत्या, की युरोपातल्या कुठल्याही राजवाड्यात कुणी शिंकलं तरी पडसं राजाच्या नाट्यगृहाला व्हायचं. कुठे व्याही गेला, कुठे आत्या गेली, की दरबारी सुतक लागलंच. राजाच्या सज्जावर काळं कापड चढायचं, दिवे मालवायचे, आणि रंगवलेली तोंडं धुऊन मंडळी घरी जायची. न पाहिलेल्या माणसांसाठी इतका शोक कुणी केला नसेल.

आबेलोने क्रागनं असे किती शोक पाळले होते, तिचं तिलाच ठाऊक. जन्मभर तिनं मोलकरणी, दाया आणि कजाग शेजारणी केल्या. जाहिरातीत तिचं नाव नेहमी खाली, बारीक अक्षरात. पण तिनं रंगमंचावर येऊन नुसती बादली आपटली तरी वरच्या गॅलरीतले हमाल-खलाशी खुदखुदायला लागत. त्या मे महिन्यात ती निवृत्त होणार होती. निवृत्त होणाऱ्याला हंगामाची शेवटची संध्याकाळ द्यायची, भूमिका त्याची त्यानं निवडायची, अशी तिथली रीत. आबेलोनेनं एका जुन्या फार्समधली धोबीण निवडली. दुसऱ्या दिवसापासून नाट्यगृह उन्हाळ्यासाठी बंद. म्हणजे खेळ झाला तर आज, नाहीतर कधीच नाही.

आणि नेमके आजच जर्मनीतले ड्यूक लेबरेख्ट शेवटच्या घटका मोजत होते.

"काय म्हणतोय पेपर?" सिसेलनं विचारलं. आबेलोनेची ही थोरली बहीण पार उत्तरेकडच्या मासेमारांच्या गावातून, बोटीनं, आयुष्यात पहिल्यांदा राजधानीत आली होती. साखरेचा खडा दातात धरून ती कॉफी पीत होती. अंगात काळा झगा. तो ती बाराही महिने घालायची.

"रात्र बरी गेली म्हणे. थोडं सूप घेतलं."

"कोण लागतो तो राजाचा?"

"धाकट्या सुनेचा मामा."

"मामा!" सिसेलनं कप खाली ठेवला. "सुनेचा मामा गेला म्हणून नाटक बंद?"

"मामाचं एवढं नाही गं ताई. तेवढ्यानं दरबारानं काळं घालायचं, आपण नाही. पण त्याची पहिली बायको राजाची सख्खी चुलत बहीण होती. ती केव्हाच गेली, त्यानं दुसरी केली. आता पहिलीकडून नातं राहिलं की तुटलं, ते राजवाडाच जाणे."

 सिसेल चर्चची कर्मठ बाई. नाटक म्हणजे सैतानाची ओसरी, असं मानणाऱ्यांतली. ती खिडकीकडे बघत म्हणाली, "बाबा गेले तेव्हा तार पोचली होती तुला. त्याच संध्याकाळी तू तोंड रंगवून उभी राहिलीस. सगळ्या गावानं विचारलं मला, आबे आली नाही का म्हणून."

"रजा मागितली होती. नटीच्या बापाचं सुतक नसतं ताई."

"हं. आणि राजाच्या सुनेच्या मामाचं असतं."

"त्या रात्री हीच धोबीण होती," आबेलोने हळूच म्हणाली.

"माहीत आहे मला. म्हणून तर आले. बाप टाकून उभं राहावं, असं त्यात काय होतं, ते एकदा डोळ्यांनी बघू दे. उद्या सकाळच्या बोटीनं जाईन. पुन्हा काही यायची नाही मी इतक्या लांब."

दिवसभर आबेलोनेनं परक्या म्हाताऱ्यासाठी देवाचा धावा केला. नातवाच्या उशाशी बसावं तशी ती मनानं ड्यूकच्या उशाशी बसून होती. घ्या बाबा, अजून एक चमचा सूप घ्या. उद्या खुशाल जा, परवा जा, माझी ना नाही. आज तेवढं थांबा.

ड्यूक थांबले नाहीत.

तार आली तेव्हा प्रेक्षक आत यायला लागले होते. मे महिन्यातला तो लांबलचक उजेड खिडक्यांवर रेंगाळत होता. पडद्यामागे संचालक डालगोर हातातला कागद हलवत येरझारा घालत होते. धोबिणीच्या वेशात आबेलोने टोपली काखेत घेऊन उभी होती.

"क्रागबाई, माझे हात बांधलेले आहेत. राजवाड्यावर माणूस पाठवलाय. त्यांचं उत्तर येईपर्यंत पडदा हलायचा नाही."

"अहो, मामाच तो! मामासाठी कधी बंद ठेवलंय आपण?"

"आणि चुलत बहीण?"

"तिची हाडंसुद्धा उरली नसतील साहेब. दुसरीच्या संसारात नातवंडं झाली."

"मेली म्हणून नातं मरत नाही बाई. राजघराण्यात तर मुळीच नाही."

आबेलोनेनं पडद्याच्या फटीतून पाहिलं. गॅलरी ओसंडून वाहत होती. कुणीतरी वरून तिच्या नावानं शिट्टी घातली. खाली कडेच्या खुर्चीत सिसेल ताठ बसली होती, छत्री दोन्ही हातांत घट्ट धरून. त्या रंगीबेरंगी गर्दीत सुतकाला तयार होऊन आलेली ती एकटीच.

वेळ टळून गेली. लोक पाय आपटायला लागले. डालगोर घाम पुसत बाहेरच्या दाराकडे गेले, आणि तेवढ्यात फरसबंदीवर घोड्यांच्या टापा वाजल्या. राजवाड्याची गाडी.  'खेळ होऊ द्या' एवढंच सांगायचं असतं तर डालगोरांचाच माणूस पायी परत आला असता. गाडी येते ती सुतक घेऊनच.

तिला आणखीही एक गोष्ट ठाऊक होती, कुठे लिहून न ठेवलेली. पडदा वर जाऊन पहिलं वाक्य बोललं गेलं, की अंक संपेपर्यंत राजवाडासुद्धा नटाला थांबवत नाही. खुद्द राजा उशिरा आला तरी अंक संपेपर्यंत दाराशी उभा राही.

पडद्याच्या दोरापाशी विलाड्स होता. तिच्याच वयाचा, तिच्याबरोबरच नोकरीला लागलेला.

"विलाड्स, वर घे."

"वेड लागलं का तुला? साहेबांनी..."

"साहेब दाराशी आहेत. गाडीतला माणूस उतरतोय. घे वर!"

"नोकरी जाईल माझी आबे."

"मी कधी काही मागितलं तुझ्याकडे?"

विलाड्सनं तिच्याकडे पाहिलं, हातांवर थुंकला, आणि दोर ओढला.

वाद्यवृंदाला पत्ता नव्हता. एक व्हायोलिन अर्धवट किंचाळून थांबलं. पडदा वर गेला. डाव्या दारातून डालगोर आणि दंडाला काळी फीत लावलेला दरबारी आत आले, त्याच क्षणी उजवीकडून टोपली काखेत मारून आबेलोने दिव्यांसमोर गेली, आभाळाकडे बघून कमरेवर हात ठेवला आणि खड्या आवाजात म्हणाली, "पड, पड मेल्या! माझे कपडे वाळायला आले की तुला पाझर फुटतो!"

गॅलरीत हशा फुटला. दरबारी जागच्या जागी थांबला. त्यानं टोपी काढून हातात घेतली.

पुढे ती कशी खेळली म्हणता! घाई नाही, आकांत नाही. डोळ्यांच्या कोपऱ्यात ती काळी फीत सतत दिसत होती, आणि तरी ती प्रत्येक शर्ट सावकाश झटकून दोरीवर घालत होती, प्रत्येकाच्या मालकाची अब्रू वेशीवर टांगत होती. शेवटी एका बड्या साहेबाच्या कोटाच्या खिशात तिला लग्नाची अंगठी सापडते. ती हातावर धरून धोबीण प्रेक्षकांकडे बघते, आणि तिथे पहिला अंक संपतो. आबेलोनेनं बघितलं. लांबवता येईल तेवढं बघितलं. मग पडदा पडला.

डालगोर पुढे गेले. राजाच्या आप्तांच्या निधनामुळे खेळ इथेच थांबत आहे, असं त्यांनी जाहीर केलं. सुतक लागलं, म्हणजे टाळी नाही. एवढी माणसं उठली, पण एक हात वाजला नाही. गॅलरीतल्यांनी टोप्या काढल्या. ड्यूकसाहेबांसाठी म्हणाव्यात, तर डोळे पडद्याकडे लागलेले.

"क्रागबाई," आत येऊन डालगोर म्हणाले, "तुम्हाला शिक्षा काय करू? उद्यापासून तुम्ही माझ्या हाताखाली नाही." मग वळून, "विलाड्स, तुझा हात चुकून लागला ना दोराला?"

"चुकूनच साहेब."

रंग पुसून आबेलोने मागच्या दारानं बाहेर आली. सिसेल भिंतीशी उभी होती. दोघी कालव्याच्या कडेनं चालायला लागल्या. जहाजांवरचे झेंडे अर्ध्यावर उतरत होते.  कसं वाटलं, हे आबेलोनेला विचारायचा धीर होईना. पूल आला, गेला.

"त्या रात्री," सिसेल एकदम म्हणाली, "लोक असेच हसले?"

"हो."

"आणि तू?"

"मी कपडे वाळत घातले, ताई. अंक संपला की आत जाऊन रडायचे, घंटा झाली की पुन्हा बाहेर. तीन अंक होते."

सिसेल थांबली. छत्रीचं टोक दगडांच्या फटीत रुतवून उभी राहिली.

"अंगठी परत करते का गं ती बाई?"

"करते."

"लगेच?"

"नाही. आधी स्वतःच्या बोटात घालून बघते. मग ती निघतच नाही."

"घालणारच," सिसेल म्हणाली. तिनं बहिणीच्या हातात हात घातला. "मग? पुढे काय? नीट सांग, सगळं."