अडीच मण आणि सोनगीरचा कातळ

लहानपणापासून माझ्याकडे एक खातं कायमचं होतं, चपला सांभाळण्याचं. पोरं नदीत उतरली, चिंचेवर चढली, शाळेच्या कौलांवर गेली, की खाली चपलांच्या ढिगापाशी मी. ‘तू येऊ नको’ असं मला कधी कुणी म्हटलं नाही. माझ्या अंगाकडे बघून त्यांनी आपणहून माझ्यापुढे चपला काढल्या आणि मीही आपणहून मांडी घालून बसलो. वरून त्यांचं हसणं ऐकू येई. खाली कुणी बसलंय हे यांच्या लक्षातसुद्धा नसणार, असं मनात येई आणि मला फार राग येई. राग आला की मला भूक लागते. त्यामुळे अंग काही कमी झालं नाही.

पुढे धुळ्याला हायस्कुलात गणित शिकवायला लागलो, लग्न झालं, तरी ते खातं सुटलं नाही. आमच्या शाळेत शास्त्र शिकवणारे एक मास्तर होते. नाशिककडचे, काटकुळे, आणि डोंगर दिसला की पाय शिवशिवणारे. त्यांच्याजवळ अंबाडीचा जाड दोर होता. रविवारी ते आम्हा दोघातिघांना आग्रा रोडच्या एस.टी.त घालून सोनगीरला नेत. तिथे किल्ल्याच्या मागच्या अंगाला पाच-सहा पुरुष उंचीचा एक सरळ कातळ आहे. मास्तर आधी स्वतः चढत, वरून दोर सोडत, तो कमरेला बांधून बाकीचे एकेक करून वर जात. मी चपलांपाशी.

दिवाळीच्या सुट्टीत एकदा मात्र काय वाटलं कोण जाणे, मी उठलो आणि म्हणालो, “आज मी.” निम्म्यापर्यंत गेलोही. निम्म्यावर तो कातळ पोट काढल्यासारखा पुढे आलेला आहे. तिथे पाय सुटतात आणि दोन हातांवर सगळं अंग वर ओढावं लागतं. माझं पोट आणि कातळाचं पोट एकमेकांना भिडलं आणि मी दोराला लोंबकळलो. बाकीचे वरून दोर धरून लालबुंद झाले. खाली शेळ्या चारणारा एक म्हातारा उभा होता, तो कळवळून म्हणाला, “मास्तर, वर काय शे? बठ्ठा दगडच शे. कसाले जीव काढी राह्यनात?”

मला खाली उतरवल्यावर शास्त्राचे मास्तर माझे तळवे उलटसुलट बघत म्हणाले, “तुमच्या हातांत ताकद कमी नाही. पण ते दोन माणसांना उचलतायत. एकाला घरी ठेवून या, मग बघू.”

दुसऱ्या दिवशी धुळे स्टेशनात पार्सलच्या काट्यावर उभा राहिलो. अडीच मण भरलो. पार्सलबाबूने वजन सांगितलं आणि गंभीरपणे विचारलं, “कुठं पाठवायचं?”

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. चपलांचंही सांगितलं, ते त्याआधी कुणालाच सांगितलं नव्हतं. ती रावेरकडची, केळीच्या बागायतदाराची मुलगी, लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. मला वाटलं हसेल. ती हसली नाही. “मग तूप बंद,” एवढंच म्हणाली आणि तुपाची बरणी सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली. ती फळी मी दोनदा यशस्वीपणे चढलो, हे आता सांगायला हरकत नाही. तिसऱ्यांदा बरणीच रिकामी सापडली.

मग सकाळ-संध्याकाळ ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, अंबाडीची भाजी, ठेचा आणि ताक. भात नाही, साखर नाही, शाळेजवळची भजी नाहीत. पहाटे पांझरेच्या काठाने तासभर चालायचं आणि घरामागच्या लिंबाच्या फांदीला हात दुखेपर्यंत लोंबकळायचं. पहिले दोन महिने माझा स्वभाव असह्य झाला होता. भुकेल्या गणिताच्या मास्तराच्या तावडीत सापडणं काय असतं, ते त्या वर्षीच्या सातवीला विचारावं. साध्या व्याजाच्या चुकीसाठी मी पोरांना छड्या मारल्या. त्याची मला अजून लाज वाटते.

संक्रांतीच्या सुमारास एकदा सहज बायकोच्या ताटाकडे लक्ष गेलं. तिच्याही ताटात तेच, कळण्याची भाकरी आणि ताक. मी विचारलं तेव्हा म्हणाली, “एका घरात दोन तऱ्हेचा स्वयंपाक कोण करणार?” पण मला कळलं. मी मुकाट्याने जेवलो आणि त्यानंतर फळीकडे बघितलं नाही.

होळीपर्यंत सदरे ढगळ झाले. लिंबाच्या फांदीवर आता मी हनुवटी टेकवू शकत होतो. आणि नेमकं तेव्हा शास्त्राच्या मास्तरांना त्यांच्या गावी नोकरी लागली. जूनमध्ये जाणार होते. ते जाणार म्हणजे दोर जाणार, आणि वर उभं राहून मला धरणारा भरवशाचा माणूसही जाणार. उन्हाळ्याच्या सुट्टीतच काय ते व्हायला हवं होतं.

त्या वर्षी वैशाख अधिक आला. अधिकात जावयाला बोलावून धोंड्याचं जेवण घालायचं असतं, हे मी विसरलो होतो. सासूबाई विसरल्या नव्हत्या. त्यांना सगळं घर अक्का म्हणे, मीही म्हणे. चाळीसगावला आणि भुसावळला गाड्या बदलून आम्ही रावेरला उतरलो, बैलगाडीने गावात पोचलो, आणि पाय धुवायला पाणी घेऊन आलेल्या अक्कांनी मला पाहून तांब्या तसाच खाली ठेवला.

“अगं माय! हे काय झालं व जवाईले?”

शेजारच्या बायका गोळा झाल्या. धुळ्याला जाऊन आलेल्या कुणीतरी ‘जावई अर्धे झालेत’ ही खबर आधीच गावात पोचवली होती, आता सगळ्यांनी डोळ्यांनी खात्री करून घेतली. अक्का मला विचारत होत्या, “खरं सांगा जवाईबापू, खोकला हाये का? रातचा ताप येते का?” मी म्हणालो, “अक्का, मला काही झालेलं नाही. मला कातळ चढायचाय, म्हणून वजन उतरवलं.” हे ऐकून त्या जास्तच घाबरल्या. रोग असता तर डॉक्टरने तरी बरा केला असता. मग सगळ्या बायकांचे डोळे माझ्या बायकोकडे वळले. “पोरीले रांधता येत नही का?” एकीने विचारलं. दुसरी म्हणाली, “रांधता येते, पन वाढाले हात आखडते.” बायको खाली मान घालून उभी होती.

त्यात अक्कांनी आणखी एक सांगितलं. खबर ऐकली त्याच दिवशी त्यांनी महादेवाला नवस बोलला होता, की जावयाचं अंग पुन्हा भरू दे, त्यांची गुळाची तुला करीन. काट्याच्या एका पारड्यात जावई, दुसऱ्यात तेवढाच गूळ, आणि तो गूळ सगळ्या गावाला. लग्नातलं माझं अंग आठवून त्यांनी दहा ढेपा आणूनही ठेवल्या होत्या. आता मला तेवढा भरेपर्यंत खाऊ घालायचं, आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, ठेवून घ्यायचं, आणि मग तुला.

दुसऱ्या दिवशी पाटाभोवती रांगोळी काढून मला बसवलं. पुरणाचे धोंडे, वाटीभर तूप, आमरस, आणि दिव्यासकट तेहतीस अनारशांचं ताट. मी बायकोकडे बघितलं. तिचा चेहरा उतरलेला होता. मी ठरवलं, जाऊ दे तो कातळ. आणि जेवलो. चार धोंडे खाल्ले, सहावा अनारसा तोंडात होता तेव्हा बायका आपसात म्हणत होत्या, “बघा, भुकेजलेला होता बिचारा.”

उन्हं कलल्यावर बायको मला केळीची बाग दाखवायच्या निमित्ताने मळ्यात घेऊन गेली आणि पाटाच्या कडेला थांबून रडवेल्या आवाजात म्हणाली, “का जेवलात?”

“तुला बोलणी बसत होती.”

“बसू देत. ती माझी आई आहे, मी बघून घेईन. पण तुम्ही माझ्यापायी परत त्या चपलांपाशी बसलात, तर मला ते कधी विसरता येणार नाही.”

इतकं कुणी माझ्या बाजूने बोललेलं मला आठवत नाही.

ती तशीच घरी गेली आणि ओट्यावर चार बायकांत बसलेल्या आईसमोर उभी राहिली. “अक्का, नवस बोलली तवा वजनाचा आकडा बोलली होती का तू?”

“नही.”

“मंग उद्याच कर तुला.”

“लोकं काय म्हनतीन? जवाई बिमार हायेत म्हनतीन.”

“म्हनू दे. हे बिमार नहीत. यायनं हे ठरवून केलं, अन् मी यायच्यासंगं केलं. जेवढं भरतीन तेवढं भरतीन.”

अक्का लेकीकडे बघत राहिल्या. लग्न होऊन गेलेली मुलगी त्यांनी बहुधा त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिली.

कापूस जोखायचा मोठा लाकडी काटा खळ्यात उभा केला. मी एका पारड्यात मांडी घातली. मांडी घालून बसण्यात माझा हात कोण धरणार! दुसऱ्या पारड्यात एकेक ढेप पडू लागली. आठ झाल्या, नववी फोडून थोडी टाकली, आणि पारडी समोरासमोर आली. दहावी ढेप तशीच राहिली. गावाला गूळ वाटून झाल्यावर अक्कांनी ती उचलून पदराखाली घेतली आणि मला म्हणाल्या, “मी येते धुळ्याले. तो कातय मले दाखवा.”

आठवड्याने आम्ही पहिल्या एस.टी.ने सोनगीरला गेलो. शास्त्राचे मास्तर, मी, बायको आणि अक्का. ऊन चढायच्या आत कातळाशी पोचलो. मास्तर वर गेले, दोर खाली आला. मी चपला काढल्या आणि सवयीने त्यांच्याकडे बघतच राहिलो. अक्कांनी त्या उचलल्या, मास्तरांच्याही उचलल्या, आणि सावलीत बसकण मारली. “जा तुम्ही. म्या सांभायते.”

निम्म्यापर्यंत काही वाटलं नाही. कातळाचं पोट आलं आणि पाय सुटले. मला वाटलं, झालं, परत तेच. मग मी लिंबाची फांदी समजून कातळाची कड धरली आणि ओढलं. हातांनी एकाच माणसाला उचललं. पोट खरवडलं, सदरा फाटला, कोपर वर टेकलं, गुडघा टेकला. वर पोचल्यावर मी पालथा पडलो आणि दगडाला गाल लावून रडलो. मास्तर दुसरीकडे बघत होते.

तेवढ्यात खालून बायकोचा आवाज आला, “दोर सोडा. मीही येतेय.” तिने कासोटा घट्ट खोचला होता. मास्तर माझ्याकडे बघून म्हणाले, “तुमचं राहिलेलं वजन आता कामाला येईल. त्या दगडाला पाय देऊन बसा आणि दोर धरा.” मी असा बसलो की डोंगर हलला असता, मी नाही. ती माझ्या निम्म्या वेळात वर आली.

खालून अक्कांनी हाक मारली, “काय दिसते व वरतून?”

मी उभा राहिलो. आग्रा रोड दिसत होता, त्यावरची एक लॉरी, गावाची धाबी, नांगरून पडलेली काळी शेतं. पण आधी दिसल्या त्या अक्का. तीन जोड चपला ओळीने मांडून, वर तोंड करून बसलेल्या. बाकी काहीही बघायला गेलं तरी नजर तिथेच येत होती. इतकी वर्षं मला वाटायचं, वरच्यांना मी दिसतच नसेन.

“तुम्ही दिसता, अक्का!” मी ओरडलो.

“मी काय पाह्याची हाये? उतरा आता.”

खाली उतरल्यावर त्यांनी पदराची गाठ सोडली. दहाव्या ढेपेचा गूळ होता. एक खडा त्यांनी लेकीच्या तोंडात घातला, एक मास्तरांना दिला आणि माझ्यापुढे हात धरून थांबल्या, देऊ की नको अशा. मी खडा घेतला, खाल्ला आणि आणखी एक मागितला. त्या दिवशी मला राग आलेला नव्हता, तरी भूक लागली होती.