अठरा गिअरचा भाऊ

माझा धाकटा भाऊ रोह्याला एका केमिकल कंपनीत होता. चाळिशीत त्याला व्यायामाचा झटका आला आणि त्याने अठरा गिअरची सायकल घेतली. मग त्याच्या तोंडी दुसरा विषय उरला नाही.

एका रविवारी ती दामटत तो पेणला आमच्याकडे आला. चहा पिताना सांगू लागला की अठरा गिअर म्हणजे अठरा वेगळे वेग. मी शाळेत गणित शिकवायचे, मला राहवेना. तो आंघोळीला गेल्यावर मी अंगणात बसून दाते मोजले. पेडलपाशी तीन चक्रं, मागे सहा. पुढच्या दात्यांना मागच्यांनी भागलं की पेडलच्या एका फेरीत मागचं चाक किती फिरतं ते कळतं. पायांना जाणवतो तो पटीतला फरक, म्हणून मी लॉग घेतले. त्यात भागाकाराची वजाबाकी होते. मागच्या चक्रांचे सहा ठिपके बटर पेपरच्या पट्टीवर काढले आणि ती पट्टी पुढच्या प्रत्येक चक्रासाठी कागदावरच्या एका रेघेवर सरकवून ठिपके उतरवले. ठिपके एकमेकांच्या अंगावर पडू लागले. पुढे अठ्ठावीस दाते नि मागे चौदा, किंवा अठ्ठेचाळीस नि चोवीस, दोन्ही दुप्पटच.

"तुझे गिअर बारा," तो आल्यावर मी म्हणाले. "बाकीचे सहा नुसते सोबतीला."

"ताई, सायकल पायांनी चालते, लॉगने नाय."

माझे यजमान यावर खूप हसले. ते स्वतः जवळच्या वडखळलासुद्धा रिक्षाने जायचे. भाऊ फुगून निघाला, पट्टी मात्र खिशात घालून.

काही महिन्यांनी त्याने मला रोह्याला बोलावलं. त्यांच्या सायकल क्लबात त्याचं व्याख्यान होतं. पडद्यावर माझी पट्टी, खांबाएवढी. हे माझं संशोधन, असं तो सांगत होता. शेवटी एका मुलीने विचारलं की नुसता भागाकार का नाही, लॉगच कशाला? भावाने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

"ते हायर मॅथ्स आहे," तो गंभीरपणे म्हणाला. टाळ्या पडल्या.

मला राग आला होता, पण हसूही आवरेना. नंतर त्याने अध्यक्षांशी माझी ओळख करून दिली. "ही माझी ताई. हिलाही गणिताची थोडी आवड आहे." आणि फोटोसाठी हात मोकळे हवेत म्हणून सत्काराचा नारळ माझ्या हातात दिला.

तो मी परत दिला नाही. दुसऱ्या दिवशी त्याची सोलकढी केली.