एक पट्टा की दोन

चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम ती लग्नाआधीपासून करत होती. दिवसभर बारीक बघायची सवय. अशा बाईला दोन कोळ्यांमधला फरक कळू नये, याचा तिला स्वतःचाच राग येई.

तिच्या मागच्या खोलीत, शिलाई मशीनशेजारी, काचेच्या पेटीत थोरली राहायची. थोरली म्हणजे तळहाताएवढी केसाळ कोळी-मादी, टॅरंटुला, काळीभोर आणि गुडघ्यांवर नारिंगी-लाल. धाकटा भाऊ परदेशी जाताना "थोडे दिवस सांभाळ" म्हणून ठेवून गेला आणि ते थोडे दिवस काही संपले नाहीत. सुरुवातीला ती पेटीवर टॉवेल टाकायची. पुढे जीव जडला, इतका की थोरलीची पिल्लं व्हावीत असं तिला वाटू लागलं.

पाळीव प्राण्यांचा दुकानदार एका दुपारी डबा घेऊन आला. "ताई, स्थळ आणलंय. अस्सल लाल गुडघेवाला. वयात आलाय, आता फार दिवस काढायचा नाही. लवकर उरकून घ्या."

तिनं भिंग लावलं. तशाच दिसणाऱ्या दोन जाती आहेत आणि कित्येक वर्षं त्या एकाच नावानं विकल्या गेल्या, हे तिनं वाचलं होतं. ओळखायचं ते मुख्यतः तोंडापुढच्या भागावरून: एकीला तिथं फिकट पट्टा एक, दुसरीला दोन. तिला खिडकीपाशी दोन दिसले. दिव्याखाली एकच. नर जरा वळला, तर एकही नाही.

"अहो, तुम्ही बघा बरं," तिनं नवऱ्याला हाक मारली.

तो दारातूनच म्हणाला, "मला आठ पाय दिसतात, तेवढे पुरे. अगं, एवढी चौकशी तुझ्या वडिलांनी माझी केली नव्हती!"

"तुमची पिल्लं शेकड्यांनी होणार नव्हती," ती म्हणाली. "ही होतील, घरोघर जातील. जाती मिसळल्या तर पुन्हा निवडता येणार आहेत का?"

थोरलीची जुनी कात तिनं जपून ठेवली होती. ती घेऊन ती कॉलेजातल्या कोळ्यांच्या अभ्यासक बाईंकडे गेली. त्यांनी कात ओली करून सूक्ष्मदर्शकाखाली पोटाकडचा भाग पाहिला आणि थोरलीची जात सांगितली. भाऊ सांगून गेला होता ती नव्हेच, दुसरीच!

"आणि नर?" तिनं मोबाइलमधला त्याचा फोटो पुढे केला.

"फोटोवरून नाही सांगता येणार. तोंडाजवळच्या आखूड पायांची टोकं तपासावी लागतील. जिवंतपणी धरून तपासायचं तर त्याला इजा व्हायची."

ती घरी आली ती आणखीच गोंधळून. दोन्ही पेट्या शेजारी ठेवल्या, तर नर पायांनी ठकठक करू लागला. थोरलीनंही उत्तर दिलं. तिचा हात झाकणावर गेला. यांनाच कळत असेल की! पण जवळच्या जाती एकमेकींना साद देतात, हेही बाईंनी सांगितलं होतं. तिनं हात काढला, पुन्हा ठेवला, आणि शेवटी नराची पेटी उचलून स्वयंपाकघरात नेली. नवरा चहा घेता घेता खुर्चीसकट मागे सरकला.

नर तिथंच म्हातारा झाला आणि एका सकाळी पाय पोटाशी घेऊन गेला. तिनं तो बाईंकडे पोचवला. काही दिवसांनी फोन आला.

"तुमची थोरली आणि तो, एकाच जातीचे होते."

"म्हणजे चाललं असतं?"

"आज म्हणता येतं. त्या दिवशी मलाही म्हणता आलं नसतं."

"मग मी चुकले का?"

"छे," बाई म्हणाल्या. पण तिला वाटलं, जरा थांबून म्हणाल्या.

त्याच आठवड्यात थोरली उताणी पडलेली दिसली. नवरा घाबरून ओरडला, पण ती कात टाकत होती. तिनं पुन्हा बाईंना फोन लावला, तर बाई म्हणाल्या, मीलन झालं असतं तरी नराचं बीज या कातीबरोबरच टाकलं गेलं असतं. म्हणजे थांबली ते बरोबर, थांबायचं कारण नव्हतं हेही बरोबर, आणि न थांबून उपयोग नव्हता हेही बरोबर. तिनं तिन्ही गोष्टी नवऱ्याला समजावून सांगितल्या. तो म्हणाला, "पुन्हा सांग." दुसऱ्यांदा सांगताना तिचीच गाडी अडली.

संध्याकाळी ती दुकानदाराकडे गेली आणि त्याच्या पाटीवर कोळ्यांचं भावानं सांगितलेलंच चुकीचं नाव होतं, ते बदलायला लावलं.

"ताई, आता हे तरी नक्की ना?" तो खडू झटकत म्हणाला.

"थोरलीचं नक्की," ती म्हणाली. "बाकी मला काही विचारू नका."