माझे तास, सूनबाईंचं नाव

"बघा, शर्ट कसा अंगाबरोबर बसला. कुणाला शंकासुद्धा यायची नाही."

विभागप्रमुख हे हसत म्हणाले. स्टाफरूममधले बाकीचेही हसले. शर्ट शिपायाचा होता. निळा. त्यात मी होतो. कॉम्प्युटर सायन्सचा एम.एस्सी., सेट पास, नाशिकच्या त्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला शिकवणारा.

ज्याचा शर्ट होता त्याला त्या दिवशी सुट्टी दिली होती. जाताना तो कानाशी येऊन म्हणाला, "सर, खिशात पुडी राहिली असंल. टाकू नका बरं." त्याच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती. शिपायाचा शर्ट घालण्यात मला कमीपणाही वाटत नव्हता. माझा बाप पेठहून द्राक्षाच्या बागांत छाटणीला जायचा, त्याचे कपडे याहून फाटके असत.

कमीपणा दुसरीकडे होता.

त्या दिवशी तपासणी समिती येणार होती. कॉलेजच्या कागदांवर माझा विषय शिकवणाऱ्या पूर्णवेळ प्राध्यापिका म्हणून संस्थेच्या अध्यक्षांच्या सूनबाईंचं नाव होतं. त्या राहायच्या पुण्याला, एका मोठ्या कंपनीत नोकरीला. आठवड्याचे त्यांचे सोळा तास. सोळाच्या सोळा मी घ्यायचो, तासिका तत्त्वावर. म्हणजे शिकवला तेवढा तास आपला. सुट्टी लागली की आपण कुणी नाही. जून उजाडला की पुन्हा अर्ज, पुन्हा प्राचार्यसाहेबांच्या दाराबाहेर उभं राहणं. समिती आली की सूनबाई गाडीतून येणार, माझ्या वर्गावर उभ्या राहणार आणि मी दिसेनासं व्हायचं, अशी तिथली रीत. या वेळी प्रोजेक्टर नीट चालत नव्हता. तो फक्त मलाच सांभाळता यायचा. म्हणून घरी न बसवता मला वर्गात ठेवायचं ठरलं. शिपाई म्हणून.

आदल्या संध्याकाळी मी बायकोला सांगितलं. ती दिंडोरीकडची. हिशोबी, सरळ बोलणारी.

"घाला ना एक दिवस. शर्टच हाय," ती म्हणाली.

मग भाकरी थापता थापता थांबली. "नाय घातला तर काय करतील?"

"जूनला बोलवणार नाहीत."

"मंग घाला."

मुलगी बारावीला. तिलाही कॉम्प्युटरच करायचं आहे. ती आतल्या खोलीतून सगळं ऐकत होती. बाहेर आली नाही.

या शिक्षणातून नोकऱ्या कुठे कुठे मिळतात ते मी दरवर्षी वर्गाला सांगतो. माझ्याबरोबर एम.एस्सी. केलेले काही बंगळुरूला आहेत, काही परदेशात. मीही मुलाखती दिल्या होत्या. लेखी परीक्षेत पास व्हायचो. समोर बसून इंग्रजीत बोलायची वेळ आली की बाहेर. माझ्या अर्जातलं शाळेचं नाव वाचून एका साहेबाने विचारलं होतं, "आश्रमशाळा म्हणजे एग्झॅक्टली काय असतं?" आणि शेजारच्याकडे बघून हसला होता. मग मी शिकवायला लागलो. मला वाटलं, फळ्यासमोर तरी आपण कोण, कुठले, हे कुणी विचारणार नाही.

समिती यायच्या आधी सूनबाई वर्गात आल्या. मला त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. माझ्या स्लाइड्स त्यांच्या लॅपटॉपवर होत्या, पहिल्या पानावर आता त्यांचं नाव.

"काका, प्रोजेक्टर लावता का जरा?"

मी लावला. वर्गातला एकही मुलगा हसला नाही. सगळ्यांनी वह्यांत डोकी घातली. माझ्या पोरांसमोर मी भिंतीला टेकून उभा होतो, हात मागे बांधून. हात कुणी बांधायला सांगितले नव्हते. आपोआप गेले.

समिती आली. पुढे पांढऱ्या केसांचे एक गृहस्थ, मागे प्राचार्य, विभागप्रमुख. गृहस्थांनी थोडा वेळ ऐकलं. मग पहिल्या बाकावरच्या मुलीला उठवलं.

"हा विषय तुम्हाला कोण शिकवतं, बेटा?"

ती मुलगी माझ्याच बाजूची. पेठच्या पुढच्या एका पाड्यावरची, सरकारी वसतिगृहात राहणारी. वर्गात प्रश्न विचारणारी. न पटलं तर "सर, पुन्हा सांगा" म्हणणारी. तिने आधी माझ्याकडे पाहिलं. मग विभागप्रमुखांकडे. तिचे अंतर्गत गुण त्यांच्या हातात होते.

"मॅडम शिकवतात," ती म्हणाली.

आवाज एवढासा. बाकाची कड तिने दोन्ही हातांनी धरली होती. नखं पांढरी पडली होती.

तो आवाज मला ओळखीचा होता. तो माझा होता. साहेबांच्या दाराबाहेरचा, मुलाखतीच्या खोलीतला. मी वर्षभर तिला जे शिकवलं ते बाजूला राहिलं आणि आज भिंतीला टेकून मी तिला हे शिकवत होतो. तोंड कसं मिटायचं. कुणासमोर मिटायचं.

मी मागचे हात सोडले, भिंतीपासून पुढे आलो. बोललो.

"नाही सर. हा विषय मी शिकवतो."

गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणजे शर्टाकडे पाहिलं.

विभागप्रमुख हसले. "आमचे जुने अटेंडंट आहेत, सर. जरा गमतीशीर स्वभाव आहे."

"मी अटेंडंट नाही. हा शर्ट मला आज घालायला लावला आहे. मी इथला शिक्षक. सोळा तास माझे आहेत. मुलांना विचारा."

गृहस्थांनी वर्गाकडे पाहिलं. कुणी मान वर केली नाही. ती मुलगीसुद्धा नाही. सूनबाई स्क्रीनकडे बघत राहिल्या.

"ठीक आहे. पुढे चला," गृहस्थ म्हणाले. त्यांना खरं कळलं होतं. मी त्यांचा चेहरा पाहिला आहे. कळलं, आणि ते जेवायला गेले.

मला मुलांचा राग आला नाही. आजही नाही. त्यांची पदवी त्या इमारतीत अडकलेली आहे.

प्राचार्यांनी दुपारी बोलावलं. बसा म्हणाले नाहीत. "तुम्हाला इथे उभं कुणी केलं, विसरलात? तुमच्या भागातले किती लोक इथपर्यंत येतात? उद्यापासून येऊ नका."

मी विद्यापीठाकडे तक्रार केली. स्वतःच्या नावाने. तासिकेवरच्या बाकीच्यांना सही मागितली. एक जण म्हणाला, "सर, तुमचं बरोबर आहे, पण माझं घर आहे ना." माझंही आहे. मी कागद घडी करून खिशात ठेवला.

मग फोन आला. नाव सांगितलं नाही. आवाज गोड.

"सर, मुलगी बारावीला ना तुमची? क्लासला एकटीच जाते वाटतं, पेठ रोडनं."

तेव्हापासून तिला सोडायला आणि आणायला मी जातो. एखादी गाडी शेजारून हळू झाली की मी तिला आतल्या बाजूला घेतो. बायको दाराची कडी दोनदा बघते. एकदा म्हणाली, "घ्या माघारी." मग मुलगीच म्हणाली, "नको, आई." आम्ही तिघंही घाबरलेले आहोत. हे लपवण्यात अर्थ नाही.

फोनची तक्रार पोलिसांत दिली आहे. सोमवारी विद्यापीठात माझं म्हणणं ऐकणार आहेत. साक्षीदार कोण, असं विचारतील. त्या मुलीचं नाव मी घेणार नाही. माझ्यासाठी तिला पुन्हा कुणापुढे उभं करणार नाही. त्याने बाजू लंगडी पडेल, हे मला कळतं. पडू दे. त्या इमारतीत कोण शिकवतं आणि तास कोणाच्या नावावर लागतात, ते माझ्या तोंडून सांगणार. त्यांनी नाही ऐकलं, तर त्यांच्या वरच्याकडे जाणार.

जूनमध्ये मी दुसऱ्या कॉलेजांत अर्ज करणार आहे. तिथेही कुणाचं तरी नाव कागदावर तयार असेल. तिथे आधीच सांगणार, मी शिकवीन तो तास माझ्या नावावर लागेल. नाहीतर शिकवणार नाही. घरी बसावं लागलं तरी नाही.