विठूबाबचे कर्णे

आमच्या मुळगावात विठूबाबच्या कर्ण्यांची गोष्ट अजून सांगतात. घरात नवी सून आली की तिला सांगतात, बाहेरून पाहुणा आला की त्याला सांगतात. शेवट ठरलेला आहे: देवीनेच ते कर्णे घराबाहेर काढायला लावले. ऐकणारे हात जोडतात आणि मी मान हलवतो. विठूबाबविषयी लिहा, असं माझ्या मुलाने मला किती वेळा सांगितलं. मी खाणीवरच्या आठवणी लिहिल्या, जत्रेच्या नाटकांविषयी लिहिलं, विठूबाबना मात्र दर वेळी वळसा घातला. आता ऐंशी ओलांडली. त्या गोष्टीचा शेवट खोटा आहे हे ठाऊक असलेला मी एकटाच उरलो आहे.

पण आधी विठूबाब, आणि आधी ते कर्णे.

विठूबाब माझे शेजारी. डिचोलीच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान होतं. ठेंगणे, गोल आणि सतत घाईत. कापड मोजताना वार संपला तरी बोटभर कापड पुढे सोडून कात्री लावायचे. दुपारी एकला दुकानाची फळी पडली की सायकलवरून घरी, जेवण, आणि चारपर्यंत गाणं. स्वतःचा गळा असा की भजनात त्यांना टाळ देऊन मागे बसवत. त्यामुळेच की काय, दुसऱ्याच्या गळ्याचं त्यांना विलक्षण वेड.

गोवा मुक्त झाल्यानंतर काही वर्षांनी आमच्या वाड्यावर वीज आली. त्याच सुमारास विठूबाब एका शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला गेले होते. वयनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, त्यांना पावसाळ्याच्या बेगमीसाठी पाठवलं होतं. त्या बेगमीला आमच्याकडे पुरुमेंत म्हणतात: सुक्या मिरच्या, कांदे, सुकी मासळी. संध्याकाळी दारात खाणीचा रिकामा ट्रक थांबला. मागे विठूबाब उभे, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना माणसाहून उंच असे दोन काळे कर्णे. एका सिनेमागृहाने जुनी सामग्री भंगारात काढली होती.

"मिरसांगो खंय?" वयनींनी विचारलं.

"मिरसांगो फुडल्या सुक्रारा मेळटल्यो. हे मेळचे नात!"

दारातून कर्णे आत जाईनात. विठूबाबनी सालीचं, म्हणजे पुढच्या दिवाणखान्याचं, जनेल चौकटीसकट उपटलं आणि त्या खिडकीतून ते आत घेतले. सोफा बाल्कांवात, दारापुढच्या ओसरीत, गेला, जेवणाचं मेज स्वयंपाकघरात. वयनी कमरेवर हात ठेवून बघत होत्या. मला म्हणाल्या, "सवत हाडली आसती तर एके खोलींत रावली आसती. हांका आख्खी साल पुरना!"

एवढ्याने भागलं नाही. कर्ण्यांतून तबकडीवरच्या गाणाऱ्या बाईचा आवाज यायचा, पण तबल्याचा डग्गा कुठे गायब व्हायचा. खालचे सूर यायला कर्णा अजून लांब आणि रुंद हवा, हे विठूबाबनी कुठूनसं शोधून काढलं. मग फणसाच्या फळ्या आल्या, सुतार आला, आणि सालीच्या मागच्या भिंतीला टेकून एक प्रचंड पेटी उभी राहिली. आतून तिची वाट वळणावळणाची होती. कुंदा, त्यांची मुलगी, लहानपणी त्या वाटेत रांगत शिरली आणि अडकली. तिला बाहेर काढेपर्यंत अर्धं गाव जमलं. आत बसून ती ओरडत होती आणि बाहेर तिचा आवाज इतका भरदार येत होता की विठूबाब म्हणाले, "आयकलें? अशें जाय!"

मला त्यांनी पहिल्यांदा बोलावलं तो रविवार होता. सालीत सामान असं काहीच नव्हतं, मधोमध एकच खुर्ची, आमची कदेल. लाल जमिनीवर तिच्या चार पायांच्या खुणा खडूने आखलेल्या.

"बस, सदा. ना ना, मुखार न्हय. खुणेर. आतां हालूं नाका. बाई रागार जातली."

अँप्लिफायरचे काचेचे दिवे तापून तांबूस झाले. विठूबाबनी तबकडी पुसली, सुई ठेवली. आधी खरखर आली, तव्यावर मीठ पडल्यासारखी. आणि मग बाईने श्वास घेतला.

गाणं नंतर सुरू झालं. आधी श्वास. माझ्यापासून दोन हातांवर कोणी बाई श्वास घेऊन बसली होती. मी चक्क उठलो आणि कर्ण्याच्या मागे जाऊन पाहिलं. विठूबाब टाळ्या पिटत नाचायला लागले. "सगळे उठतात! सगळे उठून पळयतात! कर्णो न्हय रे तो, जनेल तें. पलतडीक बाई बसल्या!"

परत बसलो. बाईच्या आवाजातली किंचित फाटलेली कड, पेटीवाल्याच्या बोटातली अंगठी पट्टीला लागली तो टक् आवाज, तबलजीने गाण्याच्या मध्येच हळूच चढवलेला तबला, सगळं ऐकू येत होतं. आवाज फार मोठा नव्हता, हेच नवल होतं. विठूबाबचा अँप्लिफायर अगदी लहान, आजच्या पोरांच्या मोटरसायकलवरच्या भोंग्यालासुद्धा त्याहून जास्त जोर असेल. पण त्या कर्ण्यांना तेवढा पुरायचा. मी घरी आलो तेव्हा बायको काही विचारत होती आणि तिचा आवाज मला कापडातून आल्यासारखा वाटत होता.

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर तेही खोटंच होईल. कदेलीवरून हातभर सरकलात की तीच बाई नळातून गायल्यासारखी वाटायची. म्हणून एका वेळी एकच माणूस ऐकणार, आणि पाहुणा असला की विठूबाब स्वतः मागे उभे राहणार. खराब तबकडी त्या कर्ण्यांवर असह्य व्हायची. सनई तर दाढेत शिरायची. पेटी घुमायला लागली की वरच्या कौलांमधून वर्षानुवर्षांची धूळ आणि उंदराच्या लेंड्या खाली येत. एकदा भटजींच्या चहात पडल्या. पावसाळ्यात फणसाच्या फळ्या फुगत, लाकडावर बुरशीची पांढरी साय चढे, आणि विठूबाब पेटीत शेगडी ठेवून तिला शेक देत बसत. "बाळंतीण ती," असं म्हणत.

आणि दुपार. मी खाणीवर रात्रपाळीला होतो. रात्रभर ट्रक भरून घ्यायचो, सकाळी घरी यायचो, न्हायचो आणि आडवा व्हायचो. एक वाजता विठूबाबची सायकल वाजे, दीडला बाईचा श्वास. आमच्या दोन घरांमध्ये फक्त एक कुंपण. मोठा आवाज असता तर भांडता आलं असतं. हा आवाज उशाशी येऊन बसायचा. रविवारी ज्या बाईसाठी मी जीव टाकायचो तिला सोमवारी दुपारी शिव्या घालायचो. पण विठूबाबना एका शब्दाने बोललो नाही. कारण माझी आई. तिला ऐकू येणं जवळपास बंद झालं होतं. ती आमच्या बाल्कांवात बसायची आणि ते कर्णे तेवढे तिला ऐकू यायचे. तिला वाटायचं, विठू गातो. भजनात टाळ धरून मागे बसणारा विठू! आम्ही कधी तिचा गैरसमज दूर केला नाही.

कुंदा लग्नाची झाली. पेडण्याहून एक स्थळ आलं. मुलगा चांगला, घर चांगलं, आणि ती मंडळी मुलगी बघायला येणार. वयनींनी प्रथमच आवाज चढवला. "तांकां बसोवप खंय? पेटयेंत?"

मग आमच्याकडे करतात तेच त्यांनी केलं. देवीचा प्रसाद घ्यायचा ठरवलं. भटजी मूर्तीच्या दोन्ही अंगांना पाण्याने फुलाच्या पाकळ्या लावतात. आपण प्रश्न मनात धरून समोर बसायचं. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. कर्णे राहावेत का, एवढाच प्रश्न. दोघांनीही शब्द दिला, देवी सांगेल ते मान्य.

विठूबाब माझ्याकडे आले. "सदा, म्हजें मन एके वटेन वळलां, तिचें दुसरे वटेन. तूं मदलो. तूं देवळांत वच."

मी रात्रपाळी करून आलो होतो. तसाच न्हाऊन देवळात गेलो. भटजी म्हणाले, "प्रश्न मनांत धर. म्हाका सांगूं नाका." गाभाऱ्यात समई होती, बाहेर कोणीतरी अंगण झाडत होतं. मी डोळे उघडे ठेवून बसलो. उजवी पाकळी थोडी सरकली, थांबली, आणि पडली.

"उजवी," भटजींनी ती केळीच्या पानाच्या तुकड्यावर माझ्या हातात दिली. "देवी पावली. वच."

देवळापासून घरापर्यंत वाट उताराची आहे. ती उतरताना मी काय विचार करत होतो ते प्रामाणिकपणे सांगतो: झोपेचा. पुढे मी स्वतःला सांगत राहिलो की वयनींसाठी केलं, कुंदासाठी केलं. तसं नव्हतं. विठूबाब फाटकात उभे होते, दुकान न उघडता. वयनी दाराआड.

"डावी," मी म्हणालो.

विठूबाबनी माझ्या हातातली पाकळी घेतली, दोन्ही डोळ्यांना लावली, कपाळाला लावली. मग हसले. "देवीचो कान लागीं. देवळांत आयकूंक येतालें. तिका त्रास जालो आसतलो."

संध्याकाळपर्यंत कर्णे आणि ती पेटी मागच्या गोठ्यात गेली. जनेल पुन्हा बसलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी अंथरुणावर पडलो आणि मला झोप लागली नाही. बाल्कांवातून आई विचारत होती, "आज विठू गायना?"

पेडण्याची मंडळी आली. मुलाचे वडील सालीत शिरले, चहूकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. "ते कर्णे खंय? मी तेच आयकूंक इलंय!" त्यांच्या गावात कोणी सांगितलं होतं म्हणे. विठूबाबनी देवीचा निर्णय सांगितला. त्या गृहस्थांनी हात जोडले, वयनींनी जोडले, मी जोडले. लग्न ठरलं, झालं, सुखाचं झालं. गोष्ट तिथून गावात पसरली.

विठूबाबनी कर्णे पुन्हा कधी आत आणले नाहीत. गोठ्यात जाऊन पुसत मात्र असत, वाळवी पेटीत शिरेपर्यंत. देवीविषयी किंवा माझ्याविषयी त्यांच्या तोंडून वाकडा शब्द आला नाही. उलट लोकांना सांगायचे, "सदा गेल्लो म्हणून बरें. हांव गेल्लों जाल्यार म्हाका डावीसुद्दां उजवी दिसली आसती."

शेवटच्या दिवसांत ते म्हापशाला इस्पितळात होते. मी सकाळची बस पकडून गेलो. वाटेत वाक्य तयार केलं होतं. खाटेभोवती वयनी, कुंदा, जावई, शेजारच्या खाटेची माणसं. विठूबाब वाळून अर्धे झाले होते, पण मला पाहून डोळे तसेच लकाकले. मी वाकून त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हणालो, "विठूबाब, उजवी पडली होती."

त्यांनी कानामागे तळहात वळवून धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मोठ्यान सांग, सदा. आयकूंक येना."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. वयनींनी पदर सारखा केला. विठूबाब हात तसाच कानामागे धरून वाट पाहत होते.

"कांय ना, विठूबाब," मी मोठ्याने म्हणालो. "चा घेतली?"