फेअर केलेले मेसेज

लेकरांनो,

तुम्हा दोघांना तिकडे परदेशात यंदा स्वतःचे फोन मिळाले, आणि गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर बोलता बोलता तुम्ही विचारलंत की आत्या आता शाळेत का जात नाही. मी म्हणाले, तिला कंटाळा आला. आत्या माझ्या शेजारीच शेंगा सोलत बसली होती. तिनेही मान हलवली. ते खरं नव्हतं, म्हणून आता लिहिते आहे. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं, पण या प्रकरणात माझं इंग्रजी पुष्कळ लिहून झालं आहे. अडलं तर बाबांना विचारा.

तुमचे आजोबा हिंगोलीच्या कोर्टात वकील होते. त्यांचं अक्षर वाईट, आणि खोडाखोड फार. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात त्यांनी एक मसुदा माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, एवढा फेअर करून दे, म्हणजे स्वच्छ अक्षरात उतरवून. ते काम मी ते जाईपर्यंत केलं. घरात एकच नियम होता: फेअर झालं की कच्चा कागद लगेच फाडायचा. दोन्ही टेबलावर राहिले तर चुकीचा कोर्टात जातो. आजोबा गेले तरी हाताची सवय गेली नाही. किराण्याची यादीसुद्धा मी फेअर करते आणि पहिली फाडते.

दोन वर्षांपूर्वी तुमच्या आत्याच्या फोनवर एका अनोळखी खात्यावरून मेसेज येऊ लागले. आत्या तेव्हा सेनगाव तालुक्यातल्या एका शाळेत शिकवत होती आणि रोज एसटीने जाऊन येऊन करायची. शाळेच्या स्नेहसंमेलनाचे तिचे फोटो त्या माणसाने कुठून तरी घेतले होते आणि तिचा चेहरा भलत्याच चित्रांना जोडला होता. त्याला काय हवं होतं ते मी इथे लिहीत नाही. पैसे नको होते. सांगितलेलं केलं नाहीस तर तुझ्याच नावाचं खातं काढून हे सगळं शाळेतल्या लोकांना पाठवतो, असं तो लिहीत होता. चौथ्या दिवशी तिने फोन माझ्या हातात दिला. म्हणाली, "आई, तू बघ. मला बघवत नाही."

मी बघितलं. वही घेतली, समास आखला, आणि प्रत्येक मेसेज तारीख-वेळेसह उतरवून काढला. सात पानं झाली. चित्रांचं वर्णन दोन-दोन ओळींत लिहिलं. सगळं दोनदा ताडून पाहिलं. मग त्या माणसाला ब्लॉक केलं, फोनमधलं सगळं पुसलं आणि पदराने काच स्वच्छ करून फोन आत्याला परत दिला. हातासरशी घाण निघाली याचं मला समाधान वाटलं. त्या आठवड्यात मी एकदाही त्या वहीकडे पाहिलं नाही.

पंधरा दिवसांनी आत्याच्या नावाचं, आत्याचा फोटो लावलेलं खातं निघालं. त्यावरून शाळेतल्या दोन शिक्षकांना आणि काही पालकांना ती चित्रं, संमेलनातले मूळ फोटो आणि घाणेरडा मजकूर गेला. दोन दिवसांत खातं बंदही झालं. पालकांच्या फोनवर जे उरलं त्यात नाव आत्याचं, चेहरा आत्याचा. संस्थेच्या अध्यक्षांनी तिला बोलावलं. मी सोबत गेले. ते नम्रपणे बोलले, चहा दिला, आणि मग म्हणाले, "मॅडम, खातं तुमचं न्हाई म्हणता, मंजूर. पण फोटोतली साडी तर तुमचीच हाय ना?" शेजारी बसलेले एक सदस्य हसले. साडी तिचीच होती, संमेलनातली. चौकशी लागली. ते खातं तिचं नव्हतं एवढं दाखवायचं होतं, नाहीतर नोकरी जाणार होती.

मला वाटलं, यात काय अवघड. वही घेऊन आम्ही जिल्ह्याच्या सायबर पोलिसांकडे गेलो. तिथल्या फौजदार बाई माझ्या मुलीच्या वयाच्या होत्या. त्यांनी सातही पानं शांतपणे वाचली.

"आजी, लई बराबर लिहिलंय. मूळ मेसेज दाखवा."

मी सांगितलं, ते पुसले.

"काहून पुसले?"

फेअर झाले होते म्हणून, हे तिथे कसं सांगणार. त्यांनी वही बंद करून माझ्याकडे सरकवली. "हे तुमच्या हातानं लिहिलं ना? मग हे तुमचं झालं, आजी. त्याचं न्हाई."

वकिलाची बायको म्हणून मला मूळ कागद आणि नक्कल यातला फरक चांगला ठाऊक होता. फोनवरचं अक्षर हे मूळ असतं, हे मात्र डोक्यात आलं नव्हतं. ते मला कच्चं वाटलं. कोणीतरी वेगळा माणूस आहे आणि तो असं करणार आहे, हे सांगणारी एकमेव गोष्ट त्या फोनमध्ये होती, आणि ती मी पुसली होती. घरी आल्यावर आत्याने कुकर लावला.

बाईंनी आत्याचा फोन तपासायला ठेवून घेतला. त्यातून काही निघालं नाही. मग त्या म्हणाल्या की आता जे असेल ते कंपनीकडेच, आणि कंपनी तुमच्या देशात. त्यांनी कंपनीला कळवलं की या खात्यांचं जे काही तुमच्याकडे आहे ते तूर्त पुसू नका. पण नुसतं जपून ठेवणं वेगळं आणि हातात देणं वेगळं. खातं कोणी आणि कुठून उघडलं एवढं पोलिसांच्या पत्रावर मिळू शकतं, पण तेही कंपनीने मनावर घेतलं तर. मेसेजचा मजकूर हवा तर आपल्या कोर्टाची विनंती मुंबईहून दिल्लीला, दिल्लीहून तिकडच्या सरकारकडे, आणि तिथून तिकडच्या कोर्टामार्फत कंपनीकडे जाते. उत्तर त्याच रस्त्याने उलटं येतं. किती दिवस लागतील असं मी विचारलं. बाई हसल्या. "तूर काढा, हळद शिजवा, वाळवा, विका. मग या."

हे तुमच्या बाबांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, आई, कंपनीची इमारत माझ्या घरापासून वीस मिनिटांवर आहे, मी उद्याच जाऊन विचारतो. ते खरंच गेले, कामावर रजा टाकून. फाटकावरच्या माणसाने त्यांना एक छापील चिठ्ठी दिली. तिच्यावर लिहिलं होतं की अशी मागणी फक्त पोलिसांनी करावी. त्यांनी मला त्या फाटकाचा फोटो पाठवला. स्वच्छ हिरवळ होती.

तूर निघाली. हळदही निघाली. चौकशी समितीच्या तीन बैठका झाल्या. मग तिकडच्या सरकारकडून उत्तराऐवजी प्रश्न आला: त्या मेसेजमधल्या नेमक्या कशामुळे तक्रारदार बाईंना नुकसानीची भीती वाटली, ते स्पष्ट करावं. त्यांच्याकडे तो गुन्हा ठरतो का, हे त्यांना पाहायचं होतं. फौजदार बाईंनी मला बोलावलं. म्हणाल्या, "आजी, आमचं इंग्लिश कामापुरतं. तुमी मसुदा करून द्या, आमी साहेबांना दाखवतो."

ते दोन परिच्छेद मी लिहिले. तालुक्याच्या शाळेत एका बाईच्या असल्या चित्राने काय होतं, ते हिंगोली कधी न पाहिलेल्या माणसाला कळेल अशा भाषेत लिहायचं होतं. एसटीत तिच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली, वर्गात मुलं तिच्याऐवजी एकमेकांकडे बघतात, डब्याच्या सुट्टीत ती ग्रंथालयात एकटी बसते, असं लिहिलं. विशेषणं सगळी काढली. आत्या समोर बसून मला तपशील सांगत होती, एसटीचं वेळापत्रक सांगावं तशी. मीही तसंच लिहून घेत होते. रडावं असं दोघींनाही वाटलं नाही. लिहून झाल्यावर मी ते फेअर केलं. कच्चा कागद फाडायला हात गेला तेव्हा आत्याने तो माझ्या हातातून काढून घेतला आणि कपाटात ठेवला.

समितीने उत्तराची वाट पाहिली नाही. अध्यक्षांनी सांगितलं, आपण होऊन राजीनामा द्या, म्हणजे सेवापुस्तकात वाईट शेरा लिहावा लागणार नाही. आत्याने एका ओळीचा राजीनामा दिला. मी तिला थांब म्हणाले नाही. थांबून काय दाखवणार होतो.

त्यानंतर तीन महिन्यांनी तिकडून उत्तर आलं. फौजदार बाईंनी फोन करून बोलावलं आणि इंग्रजी कागद माझ्यापुढे ठेवला. धमक्यांचा मजकूर मिळाला नव्हता. पोलिसांचं पत्र पोहोचायच्या आधीच त्या माणसाने धमक्यांचं आणि आत्याच्या नावाचं अशी दोन्ही खाती मिटवली होती, आणि मिटवलेलं कंपनी ठराविक दिवसच ठेवते. फक्त उघडतानाची नोंद राहिली होती. दोन्ही खाती एकाच फोन नंबरवर उघडलेली होती. तो नंबर भारतातला नव्हता, तुमच्याही देशातला नव्हता. वापर तिसऱ्याच एका देशातून झाला होता. तिथे विनंती पाठवायची तर तसा करार नाही, असं बाई म्हणाल्या. तो माणूस कोण, हे कधी कळेल असं त्यांना वाटत नाही.

घरी येऊन मी त्या नंबरची ओळ आत्याला मराठीत सांगितली. तिने पुन्हा सांगायला लावली.

"म्हणजे मी नव्हते, असं त्यांनी लिहिलंय?"

"तसं नाही लिहिलेलं. पण त्याचा अर्थ तोच."

"मला माहीत होतं," ती म्हणाली. मग म्हणाली, "मधे मधे मलाच खात्री वाटेनाशी झाली होती."

त्या नोंदीच्या आधारे पोलिसांनी शाळेला पत्र दिलं की खातं आत्याच्या फोनवरून उघडलेलं किंवा चालवलेलं नाही. संस्थेने नोंद घेतली असं कळवलं. परत या असं कोणी म्हणालं नाही, आणि तिची जागा भरलेली आहे.

तुमच्या आत्याची नोकरी गेली. तो माणूस सापडला नाही. मूळ मेसेज कुठल्याही देशात आता नाहीत. उरली आहे ती कंपनीची एक ओळ, आणि तिच्यावरून पोलिसांनी दिलेला एक शिक्क्याचा कागद: खातं तिचं नव्हतं. शाळेची पोच त्याला टाचलेली आहे.