लेबलं लावायच्या आधी

चंदीगडच्या आयटी पार्कातल्या आमच्या टीममध्ये मराठी आम्ही दोघंच. लोक आम्हाला भाऊ समजत. पुण्याच्या ऑफिसात एक जागा निघाली आणि भाऊबंदकी सुरू झाली, निदान माझ्या बाजूनं. त्याची आई तिकडे खुब्याचं हाड मोडून एकटी पडून होती. माझं पुण्यात कुणी नव्हतं. मला पुणं हवं होतंच. पण त्याला ते मिळू नये, हे जास्त हवं होतं.

त्याच आठवड्यात क्लायंटनं फर्मान काढलं: सर्व्हरवर सेलिनक्स चालू करा. हा लिनक्समधला पहारेकरी. प्रत्येक फाईलवर लेबल, आणि कुठल्या प्रोग्रॅमनं कुठल्या लेबलला हात लावायचा याचे नियम. मालकालाही सूट नाही. आमच्याकडे तो वर्षानुवर्षं बंद होता, आणि त्या काळात झालेल्या फायलींना लेबलच नव्हतं. अशा वेळी आधी त्याला नुसत्या तक्रारी लिहायला बसवायचं, लेबलं लावून घ्यायची, मगच अडवायचा अधिकार द्यायचा. हे मला पाठ होतं, त्याला अर्धवट.

"थेट चालू करू का रे? सोमवारी तपासणी आहे," त्यानं विचारलं.

"कर की यार, पक्का," म्हणालो आणि चहाला गेलो.

परत आलो तर रीस्टार्ट केलेला सर्व्हर कुणालाच आत घेईना. क्लायंटचं काम ठप्प. मॅनेजर धावत आले. "किसी से पूछा था जी?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या स्क्रीनकडे वळलो.

"नहीं सर," तो म्हणाला, "मैंने खुद किया."

मला त्याचा रागच आला. चांगली माणसं आपल्याला किती हलकट ठरवून मोकळी होतात! मग मी खुर्ची ओढली, पहारेकऱ्याला तक्रारींवर बसवलं, लेबलं लावून घेतली. तासाभरात सर्व्हर उभा राहिला. मॅनेजरनी पाठ थोपटली आणि महिन्याभरात पुणंही मला मिळालं.

निघताना त्यानं घरी जेवायला बोलावलं. वहिनींनी पुरणपोळ्या केल्या होत्या. मी तीन खाल्ल्या. त्यानं आईचा पत्ता लिहून दिला, जमलं तर डोकावून ये म्हणाला. त्याच्या पाच वर्षांच्या मुलीला मराठी कळतं, पण बोलते हिंदीत. "अंकल, मेरी आजी को बोलना, हम अभी नहीं आ रहे."

"सांगतो हं," मी म्हणालो.

आजींचं घर माझ्या ऑफिसच्या वाटेवरच आहे. मी रोज लांबच्या रस्त्यानं जातो.